रोगण

वाशीकडचा माणूस मासे धरायच्या काठीवर लिहायला बसला, हे ऐकून आधी आमच्या घरातलेच हसले. त्यांचंही बरोबर आहे. आमचा भाग बालाघाटाच्या माथ्यावरचा. इथं पाणी येतं ते निघून जायलाच येतं. तेरणा आमच्या तेरखेड्याच्या रानात उगम पावते आणि खाली दुसऱ्यांच्या गावात जाऊन मोठी होते. मांजरा पारगावच्या अंगानं निघून जाते आणि पुढं धनेगावच्या धरणात थांबते. आमच्या वाट्याला ओढे, पाझर तलाव आणि उन्हाळ्यात टँकर. पण जिथं पाणी कमी, तिथं ते साचलं की माणूस त्याच्याकडं जरा जास्तच बघत बसतो. मी तसा बघत बसणाऱ्यांतला.

आमच्या शिवारातला तलाव १९७२ च्या दुष्काळातला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. बाप खडी फोडायचा, आई पाटीनं माती वाहायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे, ती चांगली होती म्हणून नव्हे. बांध उभा राहिला तेव्हा आत पाण्याचा थेंब नव्हता. लोक म्हणायचे, सरकारनं कोरडी कढई दिली. पुढं पाऊस झाला, कढई भरली, दोन-तीन वर्षांत तिच्यात मासे दिसायला लागले आणि माशांच्या मागं मामा आले.

मामा जातीनं भोई, मांजराकाठच्या गावातले. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं, त्यांची बायको मात्र कुणाचीच मामी नव्हती, ती सगळ्यांची आक्का. नदीवर त्यांचं काम जाळ्यानं चालायचं. पण आमच्या तलावात जाळं चालेना. बांध घातला तेव्हा आतल्या बाभळी कुणी तोडल्याच नव्हत्या. त्या पाण्याखाली उभ्याच्या उभ्या राहिल्या आणि जाळं टाकलं की फाटून वर यायचं. मग मामांनी काठ्या करायला घेतल्या. आधी स्वतःपुरत्या, मग गावासाठी. एका काठीला एक पायली ज्वारी. नंतर पैसे.

आता तुम्ही म्हणाल, गळाच्या काठीत करायचं काय असतं? बांबू तोडला, दोरा बांधला, झालं. पोरंसोरं तसंच करतात आणि त्यांची काठी एका पावसाळ्यात फाटते. त्याचं कारण बांबूतच आहे. बांबूचे धागे सगळे उभे. लोंबकळणारं वजन तो कितीही पेलतो, पण वाकवला की उभा चिरायला बघतो. किलोभराची मरळ बाभळीच्या मुळात शिरायला जोर करते तेव्हा काठीची कमान होते, आणि त्या वेळी पेराच्या अलीकडं-पलीकडं बांबूला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे दोऱ्याचा पट्टा. दोरा बांबूला धरतो. आणि दोऱ्याला कोण धरतं? त्यावरचं रोगण. रोगण म्हणजे आजच्या भाषेत वॉर्निश. मामांच्या तोंडी रोगणच होतं, म्हणून मीही तेच लिहितो.

मामा मानवेल घ्यायचे. हा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो, लाठीला वापरतात तो. ऐन थंडीत, अवसेच्या आसपास तोडायचा, म्हणजे भुंगा लागत नाही असं त्यांचं म्हणणं. अवसेचं मला सांगता येणार नाही, पण थंडीत तोडलेला टिकतो हे मी बघितलं आहे. दोन-अडीच महिने सावलीत वाळवायचा. मग निखाऱ्याच्या धगीवर एकेक पेर गरम करून मांडीवर दाबत सरळ करायचं. धग जास्त झाली की बांबू करपतो, कमी झाली की परत वाकडा होतो. तेवढ्यात लांबून कुणी हाक मारली तरी मामा ओ द्यायचे नाहीत.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर गळाच्या भारी काठ्या करायला आपल्याच देशातून बांबू न्यायचे. कलकत्त्याहून बोटीनं जायचा म्हणून त्याला कलकत्ता बांबू म्हणायचे, आणि तो बहुतेक हाच आपला मानवेल होता. ते लोक तो उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, सहा-सहा पट्ट्या एकाला एक चिकटवून काठी करायचे आणि वरून रेशमी दोरा गुंडाळून त्यावर वॉर्निश द्यायचे. नंतर त्यांना चीनमधला टोंकिन बांबू सापडला आणि आपला मागं पडला. हे वाचलं तेव्हा मामा हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, "मग त्यांनी आपल्याला कामून न्हाई बोलावलं?"

दोरा गुंडाळायची मामांची तऱ्हा अशी. जमिनीवर बसायचं, दोऱ्याचं रीळ एका डब्यात टाकायचं म्हणजे ते तिथल्या तिथं नाचतं. दोरा पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा. ताण किती द्यायचा ते अंगठा ठरवतो. हातांनी दोरा ओढायचाच नाही, हातांनी फक्त काठी फिरवायची. काठी फिरते तसा दोरा आपल्या पायानं येऊन शेजारच्या फेऱ्याला खेटून बसतो. शेवटचे सहा-सात फेरे राहिले की मध्ये वेगळ्या दोऱ्याचा एक फासा ठेवायचा, त्याच्यावरून फेरे पुरे करायचे, टोक फाशात घालायचं आणि फासा ओढून घ्यायचा. टोक आपल्याच फेऱ्यांखाली गडप. गाठ नाही. गाठ असली की तिथं उंचवटा येतो आणि रोगण पहिल्यांदा तिथंच तडकतं.

दोरा साधा सुती. त्याला बारीक लव असते, ती लव उभी राहिली की रोगणात काटे आल्यासारखं दिसतं. म्हणून मामा दोरा आधी चिंचोक्याच्या पातळ खळीतून ओढून घ्यायचे. घोंगडीला देतात तीच खळ. लव बसते आणि आणखी एक फायदा होतो, दोऱ्याचा रंग थोडाफार राहतो. उघड्या दोऱ्यावर तेलाचं रोगण दिलं की लाल दोरा काळपट होतो आणि पांढरा तर दिसेनासाच होतो, आतला बांबू दिसायला लागतो. मेणातून ओढलेला दोरा मामांना चालायचा नाही. मेण लावलं की रोगण आत मुरत नाही, नुसतं वर बसतं आणि पापुद्र्यासारखं निघतं.

आता खरं काम. त्या वेळी आमच्याकडं हरभऱ्याच्या आणि करडईच्या कडेनं जवसाचा पाटा असायचाच. जवसाचं तेल घाण्यावरून आणायचं आणि त्यात राळ घालून मंद आचेवर कढवायचं, तेही घरापासून लांब, वारा नसलेल्या जागी. कारण हे तेल तापून पेटलं तर पाण्यानं विझत नाही, उलट उडतं. शेजारी मातीची पाटी भरून ठेवलेली असायची. थेंब अंगठ्यावर घेऊन दुसऱ्या बोटानं ओढायचा. एकतारी पाकासारखी तार आली की उतरवायचं. त्या वासानं आमची म्हातारी आठ-आठ दिवस शिव्या द्यायची.

उरलेल्या बोळ्याबद्दल मामांचा कडक नियम होता. रोगण पुसलेलं फडकं पाण्यात बुडवायचं आणि मग मातीत पुरायचं. कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच टाकायचं नाही. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचं खूळ. पण ते खरं आहे. जवसाचं तेल नुसतं उडून जाऊन वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं. पसरलेल्या फडक्यातली ऊब निघून जाते, चुरगळलेल्या बोळ्यातली आत कोंडते आणि तो बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. ज्यांच्या घरी सुतारकाम चालू आहे त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

काठीच्या बुडाशी, हातात धरायच्या जागी, मामा बिब्ब्याचं तेल चोळायचे. काळं, चिवट, पाण्याला दाद न देणारं. पण ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. बिब्बा उतला की कातडीवर फोड येतात. त्यांच्या बोटांवर जुने काळे डाग कायमचे होते.

माझं काम काठी फिरवायचं. मामा बोटानंच रोगण लावायचे, ब्रश त्यांना आवडायचा नाही. कोमट रोगण, पहिला हात अगदी पातळ, नुसता दोऱ्यात मुरण्यापुरता. दोऱ्यात हवा अडकलेली असते. पातळ रोगण आत शिरतं तशी ती बाहेर येते. पहिलाच हात जाड दिला की हवा आत कोंडते आणि पुढं बुडबुडे होऊन बसते. मग काठी दोन बेचक्यांवर आडवी ठेवायची आणि मी बुडाशी बसून तळहाताखाली ती फिरवत राहायची. एकाच दिशेनं. एका फेऱ्याला दहा आकडे मोजायचे. भरभर फिरवली तर रोगण कडेला सरकून कडा जाड होतात, थांबलं तर खालच्या अंगाला उतरतं. मी दहा म्हणता म्हणता आठवर यायचो, मामा न बघता म्हणायचे, "दोन राहिले बग."

तासभर असं. रोगण ओघळायचं थांबलं की काठी टांगून ठेवायची. दोन दिवसांनी पारिजातकाच्या वाळल्या पानानं हलकेच घासायची. त्या पानाला खरखरीत अंग असतं, आमच्याकडं तेव्हा पॉलिशपेपर कुठला? पुसून दुसरा हात, मग तिसरा. शेवटी मामा काठी मावळतीच्या उजेडाकडं धरायचे, एक डोळा बारीक करून. दोऱ्याच्या पट्ट्यावर उजेडाची एक बारीक रेघ दिसते. रेघ सरळ असली तर हात सारखा बसला. रेघ कुठं जाड, कुठं तुटक दिसली तर तिथं फुगीर आहे किंवा खळगा आहे. हाताला कळायच्या आधी हे डोळ्याला कळतं.

हे दिसायला बरं दिसावं म्हणून नसतं. जाड जागा ताठ असते. काठी वाकली की बाकीचा पट्टा तिच्याबरोबर वाकतो, ही जागा वाकत नाही, तडकते. त्या केसाएवढ्या चिरेतून पाणी आत जातं, दोरा कुजतो, आणि पुढच्या मोठ्या माशाला काठी तिथंच फाटते. आक्काच्या घरी संध्याकाळची चूल त्या माशावर असायची. रोगण चुकलं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांत धाकट्यालाही माहीत होतं.

आमच्या गावातल्या एका सुतारानं एकदा मामांना सांगितलं, एवढा खटाटोप कशाला, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा, अर्ध्या तासात वाळते. मामांनी एका काठीला लावून बघितली. झकास चमकली. तलावावर चार दिवस नेली आणि पट्टे दुधासारखे पांढुरके पडले. लाख पलंगाला चांगली, पाण्यात राहणाऱ्या वस्तूला नाही. मामांनी ती काठी सुतारालाच भेट दिली.

मामा २००१ साली गेले. त्याआधी पाच-सहा वर्षं डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून काठ्या बंदच होत्या. तोवर जवसही गेलं होतं. सोयाबीन आलं, त्यानं पैसा दिला हे खरंच आहे, पण पाटे गेले. घाणा बंद पडला. मुलांच्या हातात प्लॅस्टिकच्या तयार काठ्या आल्या. मग २०१६ चा उन्हाळा. धनेगावचं धरण तळाला गेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आमचा तलाव तर त्याच्या कितीतरी आधी भेगाळला होता. पाण्याखालच्या बाभळींचे बुंधे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसले, काळे, कोळशासारखे. त्यांच्यात मामांच्या फाटलेल्या जाळ्याचे तुकडे असतील म्हणून मी उतरून बघितलं. गळ मात्र बरेच सापडले.

आमचा धाकटा आयटीआय झालेला. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं होता. २०२० च्या टाळेबंदीत परत आला आणि नंतर ठेकेदारानं बोलावलंच नाही. पोरगा घरात बसून राहिला की शेतकऱ्याच्या घरात कसा धूर कोंडतो, ते लिहायची गरज नाही. त्याला तलावाचा नाद होता. पुण्याकडं खडकवासला, पानशेत, मुळशी या बाजूला हौशी लोक गळ टाकायला येतात, ते त्यानं बघितलं होतं. त्यांना रिळाची, कड्या बसवलेली, हातानं केलेली बांबूची काठी आवडते म्हणाला. बांबू मिळायला आता अडचण नाही. २०१७ पासून आपल्या शेतातला बांबू कायद्यानं झाडात मोजत नाहीत, तोडायला-न्यायला मोकळा.

त्यानं चार काठ्या केल्या, त्या खपल्या. मग पुण्याच्या एका दुकानदारानं चौदा काठ्या सांगितल्या. सुनेनं बचत गटातून बावीस हजार उचलले. कड्या, दोरा, औषध आणलं. औषध म्हणजे ते दोन बाटल्यांचं, दोन्ही सारखं मिसळलं की काचेसारखं घट्ट होतं. महिन्यानं काठ्या घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा परत घेऊन आला. कड्यांवरच्या पट्ट्यांत बुडबुडे, एका अंगाला फुगवटा, एका अंगाला दोरा उघडा. दुकानदार म्हणाला होता, पंधरा दिवसांत नीट करून आणा, नाहीतर राहू द्या. काठ्या अंगणात टाकून तो रानात निघून गेला. सून काही बोलली नाही. गटाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला असतो, एवढंच तिनं भाकरी थापताना सांगितलं, तेही मला नाही, सासूला.

मी रात्री एक काठी घेऊन बल्बाखाली धरली. उजेडाची रेघ बघितली. रेघ कसली, पावसाळ्यातली पांदी होती ती. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, "औषध नवं हाय, पण वरून खाली वघळायची त्येची सवय जुनीच हाय."

तो म्हणाला, "आण्णा, हे जवसाचं तेल न्हाई. हे अर्ध्या तासात धरतंय."

"मग त्या अर्ध्या तासातच तर बघायचंय."

सहा काठ्यांचा फुगवटा थोडा होता. त्या ओल्या पॉलिशपेपरनं घासून सपाट केल्या. बाकी आठांचे पट्टे काढावेच लागले. घट्ट झालेलं हे औषध सुरीनं निघत नाही, बांबू सोलला जातो. पण ऊब दिली की मऊ पडतं. वाशीच्या एका सलूनवाल्याकडून केस वाळवायचा ड्रायर मागून आणला. तो विचारायला लागला, कुणाच्या लग्नाला? गरम करायचं, नखानं उचलायचं, दोरा कापून सोडवायचा. दोन दिवस त्यात गेले. दोरे परत गुंडाळले. दोरा पायाच्या अंगठ्यात धरायचं मी त्याला तेव्हा दाखवलं. त्याच्याजवळ ताण द्यायचं लाकडी यंत्र होतं, पण आता तो अंगठाच वापरतो.

मग औषधाचं तंत्र आम्ही दोघांनी बसवलं. त्यातलं निम्मं त्याचं. दोन्ही बाटल्यांतलं औषध सुईच्या पिचकारीनं मोजून अगदी सारखं घ्यायचं, अंदाजानं नाही. एक थेंब कमी-जास्त झाला की कायम चिकट राहतं. ढवळायचं ते सावकाश, ताक घुसळल्यासारखं नव्हे, नाहीतर फेसच होतो. ढवळून झालं की वाटीत ठेवायचं नाही. वाटीत जाड थर असला की ते आपल्याच उष्णतेनं तापतं आणि बघता बघता घट्ट होतं. ताटलीत पातळ ओतायचं, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि काम करायला जास्त वेळ मिळतो. पहिला हात पातळ, हे मामांचंच. राहिलेल्या बुडबुड्यावर तोंडानं हलकी गरम फुंकर. दोऱ्याला तेलकट हात लावायचा नाही. तेलाच्या बोटाचा ठसा असला की औषध तिथून मागं सरतं आणि माशाच्या डोळ्याएवढं गोल भगदाड पडतं. त्या आठवड्यात घरात भजी झाली नाहीत. खोलीत सडा मारून धूळ बसवायची, पंखा बंद, दार बंद. घोंगडी पांघरून आत यायचं नाही, असं मला सूनबाईंनी सांगितलं. घोंगडीचे केस उडतात म्हणे. उडतातच.

फिरवायला त्यानं मोटर केली होती. गणपतीच्या मागं रंगीत चक्र फिरतं ना, त्याची छोटी मोटर. सावकाश फिरते, अगदी हवी तशी. आधीही तीच होती, मग बिघडलं कशानं ते कळेना. कळलं पहिल्याच रात्री. दोन काठ्यांना हात देऊन झाला, मोटरी फिरत होत्या आणि नऊ-सव्वानऊला लाईट गेली. आमच्याकडं लाईटचं येणं-जाणं नवं नाही. पण अंधारात ती चक्रं थांबली आणि धाकटा जागेवर बसला. आधीच्या चौदाही काठ्या अशाच थांबल्या होत्या, तो मोटर लावून झोपायला गेला होता.

मी एक काठी मोटरीतून सोडवली आणि मांडीवर आडवी घेतली. "दुसरी तू घे," म्हणालो. त्यानं घेतली. नातवानं मोबाइलची बॅटरी धरली. एक, दोन, तीन... दहा. पोरगा आठवर यायचा. मी म्हणालो नाही काही, नातूच म्हणाला, "पप्पा, लवकर झालं." तासभर सारखं फिरवलं. पुढं औषध मधासारखं झालं, मग दर चार-पाच मिनिटांनी अर्धा फेरा पुरेसा होता. दोनच्या सुमाराला ते बोटाला लागेना. आमच्या घरातून आतून आवाज आला, "रातभर काठ्या फिरवायलाव, कदी दळण तरी आणलं का गिरणीतून?"

सकाळी उगवतीच्या दारात काठ्या धरल्या. रेघ सरळ होती. एका काठीवर एक बुडबुडा राहिला होता, बाजरीच्या दाण्याएवढा.

एकदा हातानं फिरवायचं ठरलं की मोटरीचं बंधन राहिलं नाही. आडव्या फळीला खाचा पाडून चार काठ्या एकदम ठेवल्या. पहिला तास दोघांनी दोन-दोन सांभाळायच्या, मग एकानं झोपायचं, एकानं जागायचं. सूनबाईही बसल्या, त्यांचा हात आम्हा दोघांपेक्षा सारखा चालतो, भाकरीच्या सरावानं असेल. परतीचे पावसाळी दिवस होते. एका ओल्या रात्री दिलेला हात सकाळी धुरकट दिसला, तेव्हापासून रात्री शेगडीत निखारे ठेवून खोली कोरडी आणि उबदार ठेवायला लागलो.

चौदाव्या दिवशी धाकटा पुण्याला गेला. दुकानदारानं बारा काठ्या घेतल्या, दोन ठेवल्या नाहीत. पैसे दोन टप्प्यांत दिले, पण दिले. गटाचे हप्ते फिटायला पुढचा संक्रांतीचा महिना लागला. आता वर्षाला तीस-चाळीस काठ्या जातात. त्यावर घर चालत नाही, हे मी इथंच स्पष्ट लिहितो, कारण असलं काही छापून आलं की लगेच कुणीतरी पोराला नोकरी सोडायला सांगतो. घर सोयाबीनवर आणि दोन म्हशींवर चालतं. काठ्यांवर मुलांच्या शाळेचं भागतं.

परत आलेल्या दोन काठ्या नातवानं तलावावर नेल्या. तिथं ठेका मच्छीमार सोसायटीचा असतो, पण गळ टाकून बसलेल्या पोराला विचारून बसला तर कुणी उठवत नाही. चिलापीच जास्त लागते आता, मरळ क्वचित. मामांची एक काठी माझ्याजवळ आहे, शेंड्याला मोडलेली. तिचे पट्टे मधाच्या रंगाचे झालेत, पण चीर नाही. धाकट्यानं ती बरेच दिवस उजेडात फिरवून फिरवून बघितली आणि या रब्बीला मला न विचारता हरभऱ्याच्या कडेनं जवसाचे चार तास टाकले. माघात निळी फुलं आली तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायला लागले, हे काय पेरलंय. तरण्या पोरांनी जवस बघितलेलंच नव्हतं. राळ तेरखेड्याला मिळाली नाही, बार्शीच्या बाजारात मिळाली. आधी चटणीपुरतं बाजूला काढायचं, मगच घाण्याला न्यायचं, असं घरातून बजावलं आहे. मातीची पाटी मी भरून ठेवली आहे.